एकशे चाळीसच्या आत

बावीस तारखेला अजनीच्या दवाखान्यात मेडिकल.
गेल्या वेळी पट्टा फुगला, काटा थांबेना: एकशे छप्पन.
पिल्लई मॅडम म्हणाल्या होत्या, बाहेर बसा, पंखा आहे तिथं.
तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा माफ केलं.

खोब्रागडे, रिटायर गार्ड,
सल्ला द्यायला मात्र अजून ड्यूटीवर, म्हणाला,
‘काहून टेन्शन घेऊन राहिला बे?
गोळी घेशील तर कागदावर येईल.
झाडपाल्याचा कागद नसते.’

मग इतवारीत, नंगा पुतळ्याच्या मागच्या गल्लीत,
छिंदवाड्याहून येणारी बाई पोतं पसरून बसलेली.
अर्जुनाची साल तिनं कानाशी धरून मोडून दाखवली,
जणू सुकेपणाला आवाज असतो.
(असतो.)

घराला वास चढला.
सकाळी कच्चा लसूण, दुपारी शेवग्याचा पाला,
दुधीचा रस, ज्याबद्दल न बोललेलं बरं.
शकुननं पोह्यांवरची तर्री काढून घेतली
आणि समोर ठेवलं अंबाडीच्या बोंडांचं लाल पाणी.
हेच आई द्यायची मे महिन्यात, पितळी गंजातून,
कुणालाच काही झालेलं नसताना.

अठरा दिवसांनी मेडिकलवाल्या पोराकडून मोजलं.
एकशे पन्नास.
सहा आकड्यांसाठी एवढा लसूण.

परत गेलो.
बाईनं या वेळी पोत्याच्या तळाशी हात घातला.
मुळी. पिवळट, वाकडी, बोटाएवढी.
‘चिमूटभर घेजो बाबू,’ ती म्हणाली, ‘चिमूटभरच.’
मी चिमटीला तीन बोटं धरली.
शेवटच्या रात्री चार.

एकोणतीस वर्षं इंजिनात उभा आहे.
आमच्यात सिग्नल नुसता बघायचा नसतो, बोलायचा असतो.
मी म्हणतो, ‘पिवळा.’
बाजूचा पोरगा म्हणतो, ‘पिवळा.’
दोन तोंडांतून गेल्याशिवाय रंग खरा धरत नाहीत.
धाराखोहच्या उतारावर, रात्री दोनला,
मागं अठ्ठावन्न डबे कोळसा ढकलत असताना
कुणी लाल काचेवर अंबाडीचं पान चिकटवलं
तर?
असलं काही तेव्हा सुचलं नाही.
तेव्हा फक्त मुलीची फी, आणि स्टेशनरी ड्यूटी,
म्हणजे टेबल, रजिस्टर, आणि चहा सांगणारे लोक.

बावीस तारीख.
पट्टा फुगला, सैल झाला.
एकशे चार, चौसष्ट.
मॅडमनी आकडा लिहिला नाही.
माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.
‘सर्दी आहे?’
‘नाही जी.’
‘मग नाकातून का बोलताय?’

नाक तर चार दिवसांपासून चोंदलेलं,
खिडकीतून ऊन येत होतं, एप्रिलचं,
नागपुरात या दिवसांत कुणाला सर्दी होत नाही.
उठायला गेलो तर फरशी
गाडीनं सांधा बदलावा तशी एका बाजूला सरकली.
त्यांनी खांदा धरून बसवलं.
पेनाला टोपण लावलं.
‘सर्पगंधा,’ त्या म्हणाल्या. विचारलं नाही, म्हणाल्या.
‘माझे आजोबाही घ्यायचे. किती घेतली?’

मी चार बोटं दाखवली.

बाहेर बाकावर माझ्यासारखेच सात-आठ जण,
प्रत्येकाच्या खिशात काही ना काही कुटलेलं.
यार्डात कुठं तरी डबे एकमेकांना लागले,
तो आवाज भिंतीतून आला
आणि माझ्या हाताला सवयीनं ब्रेकची मूठ आठवली.

‘खरं किती असतं?’ त्यांनी विचारलं.
मी समोर बघितलं. रात्री दोनला बघतो तसं.
‘एकशे छप्पन,’ मी मोठ्यानं म्हणालो.

पंखा फिरत होता. मी वाट पाहिली.

‘एकशे छप्पन,’ त्या म्हणाल्या.